नाशिकच्या थंडीत पहाटे सायकल चालवायला जाड जॅकेट घ्यावं का?

नको, जाड जॅकेटऐवजी पूर्ण बोटांचे हातमोजे आणि पातळ विंडचीटर घ्या. तीन-चार हिवाळे गंगापूर धरणाच्या बाजूला पहाटे सायकल चालवतोय, त्यावरून सांगतो. ताशी २५ किलोमीटरने गेलात की वारा नसला तरी तेवढा वारा अंगावर येतोच, आणि सगळ्यात आधी बोटं बधिर होतात. ब्रेक दाबलाय की नाही तेच कळत नाही, उतारावर हे फार धोक्याचं. जाड जॅकेटमध्ये मात्र पहिल्या चढालाच घाम फुटतो, आणि थांबलात की तोच घाम गार पडून हुडहुडी भरवतो. म्हणून आत सुती बनियनही नको, लवकर वाळणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला. निघताना थोडी थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत असं समजा. पहिली १५-२० मिनिटं हलक्या गिअरवर पाय फिरवा, नंतरच जोर लावा. थंड स्नायूंवर एकदम ताण आला की गुडघे कुरकुरतात. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा. निफाडच्या बाजूला जाणार असाल तर कान झाकणारी पट्टी हवीच, तिकडे पारा बराच खाली जातो. फक्त दम्याचा त्रास असेल तर पहाटेचा हट्ट सोडा, ऊन आल्यावर निघा आणि आधी डॉक्टरांना विचारा.