खिडकी उघडायची की लावायची?

या वेळचं पत्र जर्मनीतल्या श्टुटगार्टहून आलंय. थोडं कापून देते.

"ताई, माझं माहेर रत्नागिरीचं, सासर चंद्रपूरचं. डिसेंबरात लग्न झालं आणि फेब्रुवारीत मी इकडे आले. छपराखालचं, अगदी वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आहे. थंडीत छान ऊबदार वाटायचं. जून लागल्यापासून मात्र घरात रोज एकच विषय. मी खिडक्या उघडते, हा लावतो. सकाळी नऊलाच शटर खाली ओढून घराचं तळघर करतो आणि त्या अंधारात दिवसभर मीटिंगा घेतो. मला मिक्सर लावायची चोरी. रात्री दहापर्यंत उजेड, म्हणून जेवण दहाला, झोप साडेबाराला. आणि पहाटे साडेपाचला सासूबाईंचा फोन! तिकडे नऊ वाजलेले असतात. त्यात माझा जर्मनचा क्लास ऑगस्टभर बंद. इतक्या बारीक गोष्टींवरून आम्ही भांडतो की आईला सांगायचीही लाज वाटते. सरळ ए.सी. घ्यावा का?"

अगं, लाज कसली त्यात. जर्मनीतल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्याकडे टेबलफॅनच्या तोंडावरून तीन दिवस अबोला होता. आणि तुमचं भांडण बारीक तर मुळीच नाही. रत्नागिरी आणि चंद्रपूर असे दोन उन्हाळे एका घरात राहायला आलेत.

रत्नागिरीत मे महिन्यात पारा ३३-३४ च्या वर फारसा जात नाही, पण हवेत समुद्र असतो. घाम वाळत नाही, म्हणून वारा हवा. दार-खिडकी लावली की जीव गुदमरतो. उकडलं की तुझा हात कडीकडे जाणारच, लहानपणापासून तेच केलंयस. त्याच्या चंद्रपुरात पारा ४५ ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत आणि बाहेरून येते ती झळ. तिथे खिडकी उघडणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं. दहाच्या आत घर बंद करायचं, कूलरच्या जाळीत पाणी सोडायचं, उन्हं कलल्याशिवाय बाहेर बघायचं नाही, हे तिथल्या पोराला शिकवावं लागत नाही. (त्याला एक मात्र विचार. कूलर चालू असताना समोरची खिडकी किलकिली ठेवायचे ना? ठेवत असणारच, नाहीतर घरात नुसती दमट वाफ कोंडते.)

मी सांगलीची, त्यामुळे या वादात माझा कुठलाच पक्ष नाही. निकाल असा, की दिवसा तो बरोबर आणि रात्री तू.

आपल्याला वाटतं जर्मनी म्हणजे थंड देश. पण २५ जुलै २०१९ ला ड्युइसबुर्गमध्ये ४१.२ अंश नोंदले गेले होते. तुमचं श्टुटगार्ट तर खोलगट वाटीत वसलंय, चहूबाजूंनी टेकड्या आणि द्राक्षमळे, वारा आत शिरायला नाखूश. तरी आपल्याकडच्यापेक्षा एक मोठा फरक आहे. दुपारी ३४ असलं तरी पहाटे बऱ्याचदा १७-१८ पर्यंत उतरतं. ही पहाटेची गार हवा घरात भरून घ्यायची आणि दिवसभर सांडू द्यायची नाही, एवढंच इथल्या उन्हाळ्याचं तंत्र. जून अखेरीस सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. त्या वेळी सगळ्या खिडक्या सताड उघडा. वरून नुसती तिरकी कलती करून ठेवतात तशी नाही, पूर्ण उघडायची, आणि समोरासमोरच्या दोन्ही, म्हणजे हवा आरपार जाईल. आठ-साडेआठला बाहेरची हवा आतल्याइतकी झाली की बंद. दोन साधे थर्मामीटर आणा, एक आत, एक बाहेर सावलीत. आमच्याकडे भांडण थर्मामीटरनेच मिटलं, कारण त्याला सासर-माहेर नसतं.

शटरचं म्हणशील तर ते बाहेरून असतं, त्यातच सगळी गंमत आहे. ऊन काचेतून एकदा आत आलं की ते घरातच मुरतं, मग आतून कितीही जाड पडदा ओढा, तापतो तो पडदा आणि पडद्याबरोबर खोली. बाहेरचं शटर उन्हाला काचेपर्यंत पोचूच देत नाही. त्याच्या आजोळी दारावर वाळ्याचे पडदे बाहेरून सोडायचे, त्यातलाच प्रकार. पण घराचं तळघर करायची गरज नाही. ऊन ज्या बाजूला असेल त्याच बाजूचं शटर पाडायचं. सकाळी पूर्वेचं, दुपारनंतर पश्चिमेचं. उरलेल्या बाजूने उजेड येऊ दे, अंधारात बसून माणसं उगाच कावतात.

छपराखालच्या घराचा खरा शत्रू म्हणजे छपरातली तिरकी खिडकी. ऊन तिच्यावर जवळजवळ सरळ पडतं. तिला शटर नसेल तर बाहेरून अडकवायची जाळी मिळते. खिडकीच्या कडेत अडकते, भोकं पाडावी लागत नाहीत, घरमालकाशी बोलणीही करावी लागत नाहीत. उन्हाळ्यात एकच खर्च करायचा असेल तर हा करा. आणि बाहेर जाताना ती खिडकी विसरू नका. आपल्याकडे वळीव येतो तसं जुलैतल्या तापलेल्या दुपारनंतर इथेही अचानक गडगडतं, गारासुद्धा पडतात. आमच्या घरातल्या लाकडी फरशीवर अशाच एका संध्याकाळचा डाग आहे. मी बाजारात होते, हा ऑफिसात, आणि खिडकी कोणी उघडी ठेवली यावर अजून एकमत झालेलं नाही.

संध्याकाळी एक चूक सगळेच करतात. सात वाजले, जरा बरं वाटतंय म्हणून खिडक्या उघडतात. इथे सातला ऊन तळपत असतं. दिवसभर तापलेलं छप्पर त्याच वेळी आत उष्णता सोडायला लागतं, तुमच्याकडे गच्चीचा स्लॅब रात्री सोडतो तसं. बाहेरचा थर्मामीटर आतल्याच्या खाली उतरेपर्यंत थांबायचं, मग ते साडेनऊ असो की साडेदहा. त्यानंतर घर तुझं. सगळं उघड. पंखा तापलेल्या खोलीच्या खिडकीत बाहेर तोंड करून लाव, तो गरम हवा बाहेर फेकतो आणि पलीकडच्या खिडकीतून गार हवा आपोआप आत येते. आम्ही तीन दिवस ज्या तोंडावरून भांडलो ते हेच. झोपताना शटर पूर्ण पाडू नका. पट्ट्यांमधल्या फटी दिसतील इतपतच सोडा, म्हणजे हवाही येते आणि पहाटेचा उजेडही डोळ्यांवर पडत नाही. पंखा आजच घ्या. उष्णतेची लाट सांगितल्यावर दुकानात एकही उरत नाही.

ए.सी.? भाड्याच्या घरात भिंतीवरचा बसवायचा तर घरमालकाची परवानगी लागते, आणि बहुतेक मालक बाहेरच्या भिंतीला हात लावू देत नाहीत. चाकांवरचा, नळी खिडकीतून बाहेर सोडायचा, तो मिळतो. पण तो आतली हवा बाहेर फेकतो, तेवढीच गरम हवा फटींतून आत ओढतो, आणि आवाज असा करतो की मीटिंगमध्ये समोरच्याला वाटेल तुम्ही गिरणीत बसलाय. आधी जाळी, शटर, पंखा यांवर एक उन्हाळा काढून बघा.

आता मिक्सर. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता आणि रविवारी दिवसभर. तुमच्या इमारतीच्या नियमावलीत दुपारची वेळही असेल, तर वाचून घ्या. माझ्या पहिल्या वर्षी मी रविवारी दुपारी इडलीचं पीठ वाटलं. सोमवारी दारावर चिठ्ठी, अतिशय सभ्य भाषेत. ती सभ्यताच जास्त लागली. पण तुझी अडचण शेजारी नाहीत, त्याच्या मीटिंगा आहेत. त्यावर उपाय असा की स्वयंपाक सकाळी सहा ते आठमध्ये उरकायचा. तशीही त्या वेळी खिडक्या उघड्या असतात, फोडणीचा वास आणि शेगडीची धग दोन्ही निघून जातात. दुपारी शेगडी पेटवायचीच नाही. दहीभात, काकडीची कोशिंबीर, सकाळच्या पोळ्या. ताकाला इथे तोटा नाही, दुकानात तयार मिळतं, जिरं-मीठ-हिंग घातलं की आपलं. नारळाच्या दुधाचा डबा आणि कोकम असेल तर सोलकढी. त्याला आंबील करून दे, बघ चेहरा. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं. किंवा त्यालाच करू दे. सहा ते आठ या वेळेत त्याची कुठली मीटिंग असते? हे मी मुद्दाम विचारतेय, कारण पत्रात 'स्वयंपाक' हा शब्द आला की कर्ता फक्त तूच आहेस.

उजेडाबद्दल. साडेनऊपर्यंत सूर्य दिसतो म्हणून पोटाला अजून संध्याकाळच वाटते. घड्याळ बघून जेवा, आभाळ बघून नाही. साडेसातला जेवण, मग बाहेर. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरात बसून भांडायला इथे फार महागडी जागा लागते, बाहेर फुकट आहे. नेकार नदीच्या काठाने चाला, टेकडीवरच्या द्राक्षमळ्यांतून चाला. तुमच्या शहरातल्याच बाड कानश्टाट भागात खनिज पाण्याचे झरे आहेत, शहरात उघड्यावरचे पोहण्याचे तलाव आहेत. पोहता येत नसेल तर शीक, जर्मन क्लास बंद आहे तोवर. तलावाच्या काठावर जितकं जर्मन बोललं जातं तितकं वर्गातही बोललं जात नाही.

सासूबाईंचा फोन हा तर नुसता हिशेब आहे. उन्हाळ्यात इथे आणि तिकडे साडेतीन तासांचं अंतर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचार होईल. इथले सायंकाळचे सहा म्हणजे चंद्रपुरात साडेनऊ, त्यांचं जेवण झालेलं, निवांत. हे त्याने त्याच्या आईला सांगायचं, तू नाही. "आई, सहाला मीच लावतो" एवढं पुरे. त्याने खरंच लावला पाहिजे, हे मात्र बघ, नाहीतर आठवड्याभरात पुन्हा पहाटेची घंटी. आणि घरात अर्ध्या चड्डीत असशील तर कॅमेरा खांद्याच्या वर धर. तिकडे त्याही उकाड्याने हैराण असतात, त्यांचं लक्ष तुझ्या कपड्यांपेक्षा तू बारीक झालीस का याकडे असतं.

पांघरुणाचं तू लिहिलं नाहीस, पण भांडत असालच. एकाला पंखा झेपत नाही, दुसऱ्याला पांघरूण नको. इथली जर्मन जोडपी एका पलंगावर दोन वेगळी पांघरुणं घेतात, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. आधी मला ते फार कोरडं वाटलं होतं. आता भारतात गेले की एका चादरीत झोप लागत नाही.

हापूसची आठवण काढून रडू नकोस. भारतीय दुकानात येतो तेव्हा किंमत बघून दुसरं रडू येतं. रसाचे डबे घ्या आणि केलरमध्ये ठेवा. बहुतेक घरांना तळघरातली ती जाळीची खोली असते, सामान टाकून विसरायची म्हणून आपण ती वापरतो, पण उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार जागा तीच. कांदे-बटाटेही तिथेच टिकतात.

कैरीची हौस मात्र भागते. जून-जुलैत आठवडी बाजारात हिरव्या गूजबेरी येतात, इथे त्यांना श्टाखेलबेअर म्हणतात. दिसायला रायआवळ्यासारख्या, कच्च्या घेतल्या तर सणसणीत आंबट. बाजारवाली गोड पिकलेल्या पुढे करेल, आपण कडक हिरव्या मागायच्या. देठ आणि शेंडा खुडायचा. तेलात मोहरी, मेथी, हिंग, हळद, त्यावर गूजबेरी, तिखट, मीठ, आणि गूळ कैरीला घालतेस त्यापेक्षा थोडा जास्त. दहा मिनिटांत मेथांबा तयार. सगळ्या फुटू देऊ नकोस, काही अख्ख्या राहिल्या पाहिजेत.

सकाळी सातच्या आत कर, खिडक्या उघड्या असताना. खालच्या मजल्यावरच्या आजीला एक वाटी दे. मी चिठ्ठी लिहिणाऱ्या शेजाऱ्यांना दिली होती. वाटी परत आली ती घरच्या लाल करंट बेरींच्या जॅमने भरून, आणि पुन्हा चिठ्ठीसकट. या वेळी त्यांना कृती हवी होती.