‘लायसन खोटं निघालं, मग आम्हाला काहीच मिळणार नाही का?’

सुनंदाताई (नाव बदलले आहे) मोफत विधी सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसल्या, तेव्हा त्यांनी पिशवीतून विमा कंपनीच्या कैफियतीची, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराची, झेरॉक्स काढून पेनने अधोरेखित केलेल्या एका वाक्यावर बोट ठेवले : चालकाकडे वैध वाहनचालक परवाना नव्हता, सबब कंपनी भरपाई देण्यास जबाबदार नाही. गवंडीकाम करणारे त्यांचे पती डिसेंबर 2021 मध्ये कामावरून दुचाकीने परतताना टेम्पोच्या धडकेत गेले होते. “मॅडम, लायसन खोटं होतं म्हणे. मग आम्हाला काहीच मिळणार नाही का?” असे विचारून, टेम्पोमालकाच्या ओळखीचा एक माणूस दोन लाखांत मिटवून टाका म्हणतो आहे, हेही त्यांनी दबक्या आवाजात सांगितले.

हे वाक्य वाचून धास्तावलेली माणसे माझ्याकडे वरचेवर येतात. खरे तर ते इतक्या कैफियतींत असते की, परवाना नजरेखालून जाण्याआधीच टाइप झाले असावे अशी शंका येते. मी ताईंना सांगितले, की विम्याचा करार मालक आणि कंपनी यांच्यातला आहे, त्याची अट मोडली असेल तर ती मालकाने मोडली, आणि तुमचे पती त्या करारात त्रयस्थ होते. मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा केला तो अशा त्रयस्थांसाठीच. स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केले, की परवाना बनावट आहे किंवा त्याची मुदत संपली आहे, एवढे दाखवून कंपनीला त्रयस्थासमोर हात वर करता येत नाहीत. मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने अट मोडली हे कंपनीनेच सिद्ध करायचे असते, आणि ते सिद्ध झाले तरी ‘आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश मोटार अपघातांचे दावे चालवणारे न्यायाधिकरण देऊ शकते.

“पण मालक तर तारखेला येतच नाही,” ही त्यांची पुढची काळजी. त्याच्या गैरहजेरीचा फटका त्यालाच बसणार होता. त्याने येऊन, परवाना पाहून आणि गाडी चालवून घेऊनच माणूस ठेवला, असे शपथेवर सांगितले असते, तर कदाचित त्याच्यावरची वसुलीही टळली असती, कारण प्रत्येक परवान्याची आरटीओत जाऊन खातरजमा करावी अशी अपेक्षा मालकाकडून सहसा धरली जात नाही.

आमची खरी मेहनत परवान्यावर नाही, पतीच्या कमाईवर झाली. गवंड्याला पगारपत्रक कुठले? ठेकेदाराच्या निळ्या पुठ्ठ्याच्या हजेरीवहीत पतीच्या नावापुढे दिवसाची हजेरी आणि दर शनिवारची उचल मांडलेली होती. ठेकेदार साक्षीला यायला कचरत होता. ताईच तीनदा त्याच्या घरी गेल्या. ती वही दाखल झाली नसती, तर उत्पन्न अंदाजाने धरले गेले असते, आणि भरपाईचा सगळा हिशेब उत्पन्नावर, वयावर आणि अवलंबून असलेल्या माणसांवर उभा असतो.

कंपनीने परराज्यातल्या आरटीओचा लिपिक साक्षीला आणला. परवान्यावरचा क्रमांक दुसऱ्याच माणसाच्या नावावर निघाला, म्हणजे परवाना खरोखरच बनावट होता. तरीही निवाड्यात कंपनीने आधी रक्कम भरावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, असाच आदेश झाला. रक्कम मध्यस्थाच्या आकड्याच्या कितीतरी पट होती.

प्रत्येकाचे असेच होईल असे मात्र मी कोणाला सांगत नाही. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू नसेल, किंवा मृत व्यक्ती स्वतःच त्या गाडीची मालक-चालक असेल, तर प्रश्न वेगळा होतो. उलट चालकाकडे खरा, पण केवळ हलक्या वाहनाचा परवाना होता आणि गाडी मालवाहू होती, एवढीच हरकत असेल, तर एकूण भारासह 7,500 किलोपर्यंतच्या वाहनाबाबत ती आता टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी तसा निर्णय दिला आहे. आणि 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात भरपाईच्या अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली असल्याने, तडजोडीच्या बोलण्यांत ते महिने घालवू नयेत.

निवाड्यानंतर ताई पुन्हा आल्या. मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहणार होती, आणि त्यावरचे व्याज शाळेच्या फीसाठी काढता येईल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्यासाठीचा अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहून दिला.