पगार बरा असूनही नर्सेस नोकरी का सोडतात?

तुम्ही विचारलंय की पगार वेळेवर होतो, तरी नर्सेस वर्षभरात राजीनामा देतात, मग त्यांचं समाधान ठरतं कशावर? आधी गेल्या तीन महिन्यांचे ड्युटी चार्ट काढून बसा. जाताना कुणी खरं सांगत नाही. अनुभवाचं सर्टिफिकेट हवं असतं, म्हणून 'घरगुती कारण' लिहून मोकळ्या होतात.

नाइट सकाळी ७ ला संपली आणि तोच दिवस साप्ताहिक ऑफ म्हणून मांडलाय का, ते बघा. तसं असेल तर ती सुट्टी नव्हेच. ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवून, राहिलेल्या नोंदी पूर्ण करून सिस्टर आठनंतर निघते, दिवसभर झोपते, संध्याकाळी जड डोक्याने उठते आणि दुसऱ्या दिवशी ७ ला मॉर्निंगला हजर. नाइट उतरण्याचा दिवस झोपेचा, ऑफ त्याच्या दुसऱ्या दिवशी. यावरून मी वर्षानुवर्षं भांडतेय आणि 'तास तर बरोबर भरतात' हेच ऐकतेय. इव्हिनिंग रात्री ११ ला संपवून सकाळी ७ ची मॉर्निंग लावणं त्याहून वाईट. कागदावरच ८ तास, त्यात ओव्हर, प्रवास, जेवण. झोपेला पाच तासही उरत नाहीत आणि औषधांच्या चुका अशाच सकाळी होतात. दोन ड्युट्यांत किमान ११ तास ठेवा. फिरती मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशीच असावी, उलटी नको. झोप पुढे ढकलणं शरीराला जमतं, अलीकडे ओढणं जड जातं.

आता चार्ट असा का बिघडतो? माणसंच कमी धरलेली असतात. चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला आठवड्याला ८ तासांच्या २१ ड्युट्या लागतात. एकीने ६ केल्या तरी साडेतीन नर्सेस झाल्या; रजा, आजारपण, ट्रेनिंग धरलं की चारच्या वर जातं. तिघींवर ओढलं की पहिला बळी ऑफचा. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. त्यात प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की बर्नआउटची, म्हणजे कामाने पुरतं थकून मन उडण्याची, शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दलच्या नाराजीची १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नर्सेस डेला केक कापून हे भरून निघत नाही.

दुसऱ्या वॉर्डात अचानक पाठवणं हेही मोठं कारण. सर्जिकलची सिस्टर पेडियाट्रिकला पाठवली तर तिला तिथले डोस वजनावर काढायची सवय नसते, क्रॅश कार्टचा (तातडीची औषधं-साधनं ठेवलेल्या ट्रॉलीचा) कुठला ड्रॉवर कशाचा हे माहीत नसतं, आणि तरी सगळ्यात सिरियस पेशंट तिच्याच वाट्याला देतात. पाठवायचंच तर सारख्या वॉर्डात, आणि पेशंट स्थिर असलेले द्या.

बाकी, राउंडला डॉक्टर नर्सचं ऐकून घेतात का, चूक झाली तर इन्चार्ज पेशंटसमोर झापते की आत बोलावून विचारते, औषधं आणायला आणि बिलाच्या कागदांसाठी नर्सलाच पळवतात का, हेही तपासा. इन्चार्ज चांगली असेल तर वाईट चार्टही काही महिने निभावतो, जास्त नाही.

पगार इतर हॉस्पिटलांपेक्षा कमी असेल तर मात्र आधी तो सुधारा. चार्ट कितीही चांगला केला तरी लोक जातील. आणि तुमच्याकडे १२ तासांच्या ड्युट्या असतील तर २१ ऐवजी १४ धरून हिशोब करा, पण सलग तीनपेक्षा जास्त नाइट लावू नका.