संध्याकाळच्या भुकेचं मूळ सकाळच्या ताटलीत आहे का?

मागच्या लेखात एक ओळ सहज लिहून गेले होते : संध्याकाळी फरसाणाच्या डब्याकडे हात जात असेल, तर सकाळी काय खाल्लं होतं ते आठवून बघा. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले, की आजची सगळी जागा त्यांनाच देते आहे. नावं गाळली आहेत आणि लांबलेले प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

मी डोंबिवलीला राहते, वय ४३. सकाळची लोकल गाठायची म्हणून चहा आणि दोन बिस्किटं एवढंच पोटात जातं. एकला डबा : दोन पोळ्या आणि भाजी. चारपर्यंत काही वाटत नाही. पण घरी पोचले की कुकर लावायच्या आधी उभ्या उभ्या चिवडा, फरसाण, मुलाच्या डब्यातलं उरलेलं, जे हाताला लागेल ते खाते. मग साडेनऊचं जेवण नकोसं होतं आणि दहा वाजता पुन्हा भूक लागते. घरचे म्हणतात, तुझा मनावर ताबा नाही. खरंच तसं आहे का?

नाही, ताई. आणि हे वाक्य घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

तुमच्याच पत्रावरून हिशेब मांडते. आदल्या रात्री साडेनवाला जेवलात. त्यानंतर दुपारी एकपर्यंत, म्हणजे पंधरा-साडेपंधरा तासांत, तुमच्या पोटात गेलं काय? साखर-दुधाचा कपभर चहा आणि दोन बिस्किटं. फार तर सव्वाशे-दीडशे कॅलरी. त्यात लोकलमधला उभ्याचा प्रवास आणि सकाळभर काम. डब्यातल्या दोन पोळ्या-भाजीने यातलं थोडंच भरून निघतं. घरी येऊन तुम्ही जे खाता, ते दिवसभराची उधारी फेडणं आहे.

त्यात शरीराचं घड्याळ भर घालतं. बॉस्टनमधल्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना मंद उजेडात, बाहेरच्या दिवस-रात्रीचा पत्ता लागणार नाही अशा ठिकाणी ठेवलं आणि भुकेची नोंद घेतली. २०१३मध्ये ती प्रसिद्ध झाली. जेवणझोपेचा परिणाम बाजूला काढल्यावरही भूक सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त, असं आढळलं. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची ओढही त्याच चढावर होती. तुम्ही घराचं कुलूप उघडता ती नेमकी ही चढाची वेळ, आणि ओट्यावर फरसाणाचा डबा समोरच असतो.

आता मुख्य मुद्दा. सकाळचं खाणं वाढवलं तर संध्याकाळची भूक खरंच कमी होते का? स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाने हे नीट तपासलं. वजन जास्त असलेल्या तीस जणांना रोज सुमारे १७०० कॅलरीचं खाणं तयार करून दिलं. चार आठवडे दिवसाचं ४५ टक्के खाणं सकाळी आणि २० टक्के रात्री. दुसऱ्या चार आठवड्यांत बरोबर उलट. २०२२मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही प्रकारांत वजन सारखंच घटलं, साधारण सव्वातीन किलो. शरीराने जाळलेल्या ऊर्जेतही फरक नव्हता. पण सकाळी जास्त खाल्लं त्या काळात लोकांना दिवसभर भूक कमी जाणवली.

हे मी मुद्दाम सावकाश सांगते आहे, कारण याचा अर्थ दोन्ही बाजूंनी चुकीचा लावला जातो. मोठा नाश्ता म्हणजे वजन कमी करण्याची युक्ती, असं नाही. पण भूक आवरण्याचा तो खरा उपाय आहे, आणि तुमचा प्रश्न भुकेचाच आहे.

पहाटे साडेपाचला उठून अजून एक पदार्थ करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. रात्री मुगाची डाळ भिजत घाला, सकाळी पोळ्यांचा तवा तापलेलाच असतो, त्यावर दोन धिरडी टाका आणि वेगळ्या लहान डब्यात घ्या. ऑफिसात पोचल्यावर, कामाला बसण्याआधी खा. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली अंडी आणि पोळी. नाहीतर थालीपीठ आणि वाटीभर दही. आणि साडेचार-पाचला, गाडीत चढायच्या आधी, मूठभर फुटाणे. पंधरा दिवस हे करून बघा. त्या काळात फरसाण बंद करू नका, फक्त डबा ओट्यावरून उचलून फडताळात ठेवा. फरक पडला की नाही ते मला कळवा.

माझं उलट आहे. वय ५२, पुण्यात दुकान आहे. सकाळी आठला बशी भरून कांदेपोहे, वर शेव, एक गोड चहा. पोट तुडुंब. तरी अकरा वाजता पोटात कावळे ओरडतात आणि समोरच्या गाडीवरचा वडापाव मागवतो. एवढं खाऊनही भूक कशी लागते?

पोट भरणं आणि पोट राहणं या दोन गोष्टी आहेत. तुमचं पोट भरतं, राहत नाही.

हे उत्तर लिहिण्याआधी मी काल सकाळी पोह्यांची माझी नेहमीची बशी वजनकाट्यावर मोजली. कोरडे पोहे ६५ ग्रॅम. भिजून, फुलून, वर खोबरं-कोथिंबीर पडून त्याची शीग लागलेली बशी झाली. डोळ्यांना भरपूर. त्यात प्रथिनं किती? पोह्यांतली चार-साडेचार ग्रॅम. शेंगदाणे मी मोजले, ते अकरा निघाले. त्यांची जेमतेम दीड-दोन ग्रॅम. म्हणजे तीनशेच्या वर कॅलरी, पण प्रथिनं एका अंड्याइतकीच आणि चोथा अगदी थोडा. वर तुमचा गोड चहा. पोहे हलके, झटकन पचतात. आजारी माणसाला हाच गुण उपयोगी पडतो. दुपारी दोनला जेवणाऱ्या दुकानदाराला तोच अडचणीचा.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या हजाराहून जास्त लोकांना ठरावीक नाश्ता देऊन त्यांच्या रक्तातली साखर सतत मोजली. २०२१चं हे काम. खाल्ल्यावर साखर किती चढते याकडे सगळे बघत असतात. भुकेशी जास्त संबंध निघाला तो दोन-तीन तासांनी साखर मूळ पातळीच्याही खाली घसरते त्याचा. ज्यांची घसरण मोठी, त्यांना लवकर भूक लागली, पुढचं खाणं सरासरी अर्धा तास आधी झालं आणि दिवसभरात ३१२ कॅलरी जास्त गेल्या. नाश्त्याच्या कॅलरी मात्र सारख्याच होत्या. तुमचे अकरा वाजणं म्हणजे आठनंतर बरोबर तीन तास. तुमची साखर मी मोजलेली नाही, पण हे वेळापत्रक जुळतं.

पोहे सोडायला सांगायची माझी इच्छा नाही. मीही सोडणार नाही. पोहे निम्मे करा आणि उरलेल्या अर्ध्या बशीत मोड आलेली मटकी किंवा मूग वाफवून घाला. शेंगदाणे अकरा नकोत, चांगली मूठभर घ्या. वीस ग्रॅम दाण्यांत पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. शेवेऐवजी वाटीभर दही. नागपूरकर पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओततात, त्यातला हरभरा या बाबतीत फार कामाचा आहे. तेलाचा तवंग तेवढा कमी घ्यावा. तीच गोष्ट उपासाच्या खिचडीची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. तुम्हाला दुपारपर्यंत जे काही टिकवतं, ते त्यातलं दाण्याचं कूट. कूट घालताना हात आखडू नका.

चहातली साखरही अर्धी करून बघा. आणि दुकानात फुटाण्यांची बरणी ठेवा.

मला सकाळी भूकच लागत नाही. सासूबाई म्हणतात, रिकाम्या पोटी घराबाहेर पडू नये, म्हणून बळजबरीने खाते आणि मळमळतं. खायलाच हवं का? वय ३१, रात्रीचं जेवण साडेदहाला होतं.

बळजबरीने नको. सकाळी भूक कमी असणं हा शरीराच्या घड्याळाचाच भाग आहे, वर लिहिलंच आहे. त्यात तुम्ही साडेदहाला जेवता, म्हणजे सकाळी सातपर्यंत त्या जेवणाला साडेआठच तास झालेले असतात.

भुकेला सवय लागते, हेही लक्षात घ्या. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक १९९९मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. आपण रोज ज्या वेळी खातो, त्या वेळेच्या थोडं आधी ते रक्तात वाढतं. म्हणून रात्रीचं जेवण आठ-साडेआठला आणता आलं, तर काही दिवसांत सकाळची भूक आपोआप जागी होईल. ते घरात शक्य नसेल तर सातऐवजी साडेनऊला खा. सासूबाईंच्या म्हणण्यात माया आहे, तेव्हा त्यांच्यासमोर कपभर दूध किंवा दोन खजूर घ्या आणि बाकीचं बरोबर न्या.

मी २६ वर्षांचा, हिंजवडीत नोकरी करतो. नाश्ता बंद करून पहिलं जेवण एकला घेतो. तीन महिन्यांत चार किलो उतरले. पण आई रोज म्हणते, तब्येत बिघडेल. नाश्ता सोडला की माणूस जास्त खातो आणि जाड होतो. कोण बरोबर?

वजनापुरतं बोलायचं तर तुम्ही. नाश्ता सोडणारा दुपारी सगळं भरून काढतो, ही समजूत प्रयोगांत टिकली नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०१३मध्ये दिसलं की नाश्ता न केलेल्यांनी दुपारी थोडं जास्त खाल्लं, पण दिवसाची बेरीज सुमारे ४०० कॅलरींनी कमीच राहिली. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने २०१९मध्ये अशा १३ चाचण्या एकत्र तपासल्या : नाश्ता करणारे दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त खात होते. वजनातला फरक मात्र अर्ध्या किलोहून कमी, आणि त्या चाचण्यांचा दर्जा फारसा चांगला नव्हता, हे संशोधकांनीच लिहिलं आहे.

पण आईचं ऐकण्यासारखंही काही आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने २०१४मध्ये सडपातळ लोकांवर सहा आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटाने अकराच्या आत ७०० कॅलरी खाल्ल्या, दुसरा दुपारपर्यंत उपाशी. वजनात फरक पडला नाही. नाश्ता करणारे मात्र दिवसभर जास्त हालचाल करत होते. उपाशी माणूस नकळत बसून राहतो. तेव्हा एकच तपासा : जिना चढणं, व्यायाम, रविवारचं क्रिकेट पूर्वीसारखं चालू आहे ना? आणि रात्री अकराला बिर्याणी मागवण्याचे दिवस वाढले नाहीत ना? दोन्ही ठीक असेल तर तुमची पद्धत तुम्हाला मानवली आहे. आईला शांतपणे सांगा, आणि एकच्या जेवणात उसळ किंवा डाळ दुप्पट घ्या, म्हणजे तिची काळजीही कमी होईल.

मुलगी १५ वर्षांची. शाळा सातची, काही खात नाही. साडेपाचला क्लासहून येताना चिप्सचं पाकीट हमखास. रागावून उपयोग होत नाही.

रागावू नका, तिला खरंच भूक लागलेली असते. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात नाश्ता टाळणाऱ्या, तुमच्या मुलीहून थोड्या मोठ्या, १८ ते २० वर्षांच्या मुलींना ३५० कॅलरीचा नाश्ता दिला. एका वेळी १३ ग्रॅम प्रथिनांचा, दुसऱ्या वेळी ३५ ग्रॅमचा. संध्याकाळचं तेलकट चरणं कमी झालं ते ३५ ग्रॅमच्या नाश्त्याने. मराठी घरात एका नाश्त्यातून ३५ ग्रॅम काढणं कठीण आहे, तिथवर जाऊही नका. पनीर किंवा अंडं घालून केलेली पोळीची गुंडाळी आणि कपभर दूध, एवढ्यानं पंधरा-वीसपर्यंत जाता येतं. सहाला जात नसेल तर मधल्या सुट्टीच्या डब्यात तेच द्या. काय हवं ते आदल्या रात्री तिला ठरवू द्या.

बाबांना मधुमेह आहे, गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही चालू. लेख वाचून ते रात्रीचं जेवण एकदम कमी करून सकाळचं वाढवायचं म्हणताहेत.

आज नको. आधी डॉक्टरांना भेटा. औषधाची मात्रा जेवणाच्या वेळेशी आणि आकाराशी बांधलेली असते. रात्री तेवढंच इन्सुलिन घेऊन अर्धंच जेवलं, तर झोपेत साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी मात्रा बदलून दिली की मगच जेवण बदला. बाबांना हे माझ्या वतीने आग्रहाने सांगा.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबा न्याहारीला दोन भाकऱ्या, पिठलं, ठेचा आणि कांदा खायचे, आणि दिवेलागणीपर्यंत भुकेचं नाव काढत नसत. मी बँकेत बसून काम करतो. तशीच न्याहारी करू का?

आजोबांची न्याहारी किती वाजता व्हायची, हे घरात कुणाला तरी विचारा. बहुतेक गावांत ती नऊ-दहाला, शेतात दोन-तीन तास राबून झाल्यावर बांधावर बसून होत असे. आणि दिवेलागणीला ते जेवत, रात्री दहाला नव्हे. ज्वारीची भाकरी आणि बेसनाचं पिठलं यांची जोडी पोटाला धरून ठेवणारी आहेच. बेसनात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. म्हणून जिन्नस तेच ठेवा. भाकरी एक पुरेल, पिठलं मात्र वाटीभर घ्या, आणि आजोबांसारखंच लवकर जेवता आलं तर घरातल्या सगळ्यांनीच आठला ताटं मांडा.