मावशींच्या स्कूटीचं पेट्रोल पगारातच धरायचं का?

प्रश्न: आम्ही दोघंही नोकरीवाले, राहायला इंदिरानगरला. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ चा, त्यांना सांभाळायला मावशी येतात. सुट्टी लागल्यापासून त्या दोघांना स्वतःच्या स्कूटीवर कधी फाळके स्मारकला तर कधी सोमेश्वरला फिरवून आणतात, आम्हीच म्हटलं होतं की पोरं मोबाईल घेऊन बसतात, जरा बाहेर न्या. मला वाटतं पेट्रोलचे वेगळे द्यावेत, मिस्टर म्हणतात पगार देतो त्यात आलं सगळं. मावशी स्वतःहून काही बोलत नाहीत. किती द्यायचे? आणि असे वेगळे पैसे दिले तर त्यांना वाईट तर वाटणार नाही ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, पगार मावशींच्या वेळेचा आहे, गाडीचा नाही. मिस्टरांना ऑफिसच्या कामाला स्वतःची गाडी काढावी लागली तर ते क्लेम टाकतातच की, मग मावशींनी का सोडायचं?

हिशोब सोपा आहे. पेट्रोल शंभरीपार, स्कूटी गावातल्या ट्रॅफिकमध्ये लिटरला ४५ च्या आसपास देते, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये नुसतं पेट्रोलच झालं. त्यात ऑइल, टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स धरा आणि सरळ ५ रुपये ठरवून टाका. जाऊन-येऊन १२ किलोमीटर झालं तर ६० रुपये, एवढ्यात आपल्याकडे दोघांचा वडापाव नि चहा होतो फक्त. पार्किंग, तिकीट, मुलांचं खाणंपिणं हे वेगळं, आणि ते निघायच्या आधीच हातात द्या किंवा जीपे करा, त्यांनी आधी पदरचे घालायचे आणि मग संकोचाने मागायचे असं नको. फिरून यायला उशीर झाला तर त्या जादा वेळेचेही द्यायचे बरं का.

पण मला पैशांपेक्षा काळजी दुसरीच वाटतेय. मावशी आणि दोन मुलं म्हणजे ट्रिपल सीट. दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस चालतो, मोडलं तर १००० रुपये दंड आणि लायसन ३ महिने बाद, आणि ते सगळं मावशींच्या नावावर, फिरायला न्या सांगणारे तुम्ही मात्र नामानिराळे! शिवाय ४ वर्षांच्या वरच्या मुलांना हेल्मेट लागतंच, लहान साइजचं मिळतं, ते तुम्ही आणा. दोघांना न्यायचं तर रिक्षाचे पैसे द्या, स्कूटीवर एका वेळी एकच. मावशींकडे कारचं लायसन असेल आणि तुमची कार दिवसभर पार्किंगमध्येच उभी असेल तर तीच द्या की. स्कूटीला नुसता थर्ड पार्टी विमा आहे का तेही बघा, त्यात मागे बसलेल्याच्या भरपाईला अडचण येते. मागे बसलेल्यालाही धरणाऱ्या पॅकेज पॉलिसीचा वरचा फरक तुम्ही भरलात तर उत्तम.

वाईट कशाला वाटेल त्यांना? फक्त "हे घ्या, खूश व्हा" असं बक्षीस दिल्यासारखं करू नका, "मावशी, गाडीखर्च आजपासून वेगळा" एवढंच म्हणा. आधीच्या फेऱ्यांचेही त्यांनाच विचारून अंदाजाने काढा, आणि त्या "राहू द्या हो" म्हणाल्या तरी द्या.