जार फाइलवर डबल-क्लिक केल्यावर कन्सोलची काळी खिडकी का उघडत नाही?

तुमचा प्रोग्राम चालतोय, फक्त दिसत नाही. विंडोजवर जार फाइल (जावा प्रोग्रामची एकत्र बांधलेली फाइल) सहसा 'जावाडब्ल्यू' या जावा चालवणाऱ्या प्रोग्रामशी जोडलेली असते आणि त्याला कन्सोलच नसतो. त्यामुळे प्रिंटलाइन या छापण्याच्या कमांडचा मजकूर कुठेच उमटत नाही.

सोपा उपाय म्हणजे जारशेजारी एक बॅच फाइल (ओळीने कमांड लिहिलेली .bat फाइल) ठेवा. पहिल्या ओळीत 'जावा -जार हिशोब.जार' (हिशोबच्या जागी तुमच्या जारचं नाव), दुसऱ्या ओळीत 'पॉज'. ही दुसरी ओळ विसरू नका. ती नसेल तर काम संपताच खिडकी मिटते आणि एरर वाचायलाही मिळत नाही. (कमांड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.)

एकच फाइल द्यायची असेल तर मेनच्या (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागाच्या) सुरुवातीला सिस्टिम.कन्सोल नल, म्हणजे रिकामा, येतो का ते तपासा (जावा २२ पासूनच्या काही आवृत्त्यांत तो कन्सोल नसतानाही नल येत नाही, तिथे त्याचं 'इजटर्मिनल' तपासा). कन्सोल नसेल तर प्रोसेसबिल्डरने (दुसरा प्रोग्राम सुरू करणाऱ्या जावाच्या क्लासने) 'सीएमडी /सी स्टार्ट' वापरून तीच जार 'जावा'ने पुन्हा चालवा. सोबत एक खुणेचा आर्ग्युमेंट (प्रोग्रामला दिलेला जादा शब्द) पाठवा आणि तो दिसला की पुन्हा सुरू करू नका, नाहीतर खिडक्यांमागून खिडक्या उघडत राहू शकतात. शिवाय स्टार्ट पहिला अवतरणातला मजकूर खिडकीचं शीर्षक समजतो, म्हणून आधी शीर्षक द्या, मग पाथ (फाइलचा पत्ता). मी स्वतः मात्र बॅच फाइलच देतो. वापरणाऱ्याला ती उघडून वाचता येते.