लहान गाडी, ताशी ११५ आणि पेट्रोलचा हिशोब

तुमचा प्रश्न असा: लहान पेट्रोल हॅचबॅक, हायवेला ८० च्या आसपास ठेवली की लिटरला २१ पडतं, आणि त्याच रस्त्यानं ११५ ने आलात की १५. गॅरेजमध्ये काही सापडलं नाही. मग इंजिनात दोष आहे का?

नाही. इंजिन ठणठणीत आहे. तुमचे दोन्ही आकडे एकमेकांशी नीट जुळतात, आणि खरं सांगायचं तर ११५ ला २० पडलं असतं तर मला जास्त शंका आली असती.

सपाट रस्त्यावर एकाच वेगानं जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. एक टायर. तो रस्त्यावर सतत दबतो आणि सुटतो, त्यात ताकद जाते, पण वेग वाढल्यानं त्यात फार फरक पडत नाही. दुसरी हवा, आणि तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माणसांसकट हजार-अकराशे किलोच्या हॅचबॅकचा ढोबळ हिशोब मांडला तर ६० ला टायर आणि हवा जवळपास बरोबरीत असतात, दोघांचा विरोध साधारण ११५ न्यूटन (न्यूटन हे बल मोजायचं एकक). ८० ला हवा २०० वर जाते, १०० ला ३१५, आणि ११५ ला ४१५ च्या घरात. टायर तिथेच, ११५ वर. म्हणजे ८० वरून ११५ ला गेलात की दर किलोमीटरमागचं काम सुमारे १.७ पट होतं. शिवाय तेच किलोमीटर कमी वेळात संपवायचे असतात, म्हणून ताकद त्याहून वेगानं वाढते: ८० ला चाकांपाशी जेमतेम १० हॉर्सपॉवर पुरते, ११५ ला २३ च्या आसपास लागते.

आता तुम्ही म्हणाल, काम १.७ पट झालं तर पेट्रोल १.४ पटच कसं? (२१ भागिले १५, बरोबर १.४.) इथे खरी गंमत आहे. पेट्रोल इंजिन हलक्या कामाला उधळं असतं. ॲक्सिलरेटर थोडासाच दाबलेला असला की हवा आत घेणारी झडप जवळजवळ मिटलेली असते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच ताकद खर्ची पडते. आतलं घर्षण तर काम हलकं असो वा जड, द्यावंच लागतं. काम वाढलं की झडप उघडते आणि प्रत्येक थेंबातून जास्त ताकद मिळते. म्हणजे तुमचं इंजिन ८० पेक्षा ११५ ला अधिक काटकसरीनं चालतंय, तरी पेट्रोल जास्त जातंय, कारण हवेची मागणीच तेवढी वाढलीय.

कुणी ‘मग ४० ने चालवा’ असा सल्ला देईल, तर त्याचंही उत्तर यातच आलं. फार हळू गेलात की हवेचा विरोध नगण्य होतो, पण इंजिन चालू ठेवण्याचा खर्च थोड्याच किलोमीटरांवर वाटला जातो, आणि वर खालचा गिअर. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांना टॉप गिअरमध्ये, इंजिन न गुदमरता, ६० ते ८० हा पट्टा मानवतो.

लहान गाडीलाच वेग इतका का झोंबतो? कारण ती वजनाला लहान असते, वाऱ्याला नाही. आत चार माणसं ताठ बसवायची म्हणजे उंची-रुंदी लागतेच, आणि मागचं तोंड कापल्यासारखं असल्यानं हवा तिथे भोवरे करत मागे खेचते. लांब, बुटकी सेडान वजनाला दीडपट असूनही हवेला कमी अडू शकते. म्हणून हायवेवर वेग वाढला की सेडानचं ॲव्हरेज थोडंच उतरतं आणि आपलं धाडकन. त्यात लहान गाड्यांचा टॉप गिअर बऱ्याचदा आखूड असतो, त्यामुळे ११५ ला आरपीएमही (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर आणि घर्षणही वर.

वेळेचाही हिशोब बघा. २०० किमीला ८० ने अडीच तास, १०० ने दोन तास, १२० ने एक तास चाळीस मिनिटं. पहिल्या २० ने अर्धा तास वाचतो, पुढच्या २० ने वीसच मिनिटं, आणि पेट्रोल मात्र दुसऱ्या टप्प्यात जास्त जातं. मी स्वतः ९० धरून चालतो. मागून लाइट मारणारे मारतात, मी डावीकडे असतो.

समोरून ताशी २० चा वारा असेल तर ८० ची गाडी हवेच्या लेखी १०० ने चाललेली असते, त्यामुळे एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका. टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. हायवेच्या वेगाला काचा उघड्या ठेवल्या तरी हवेचा विरोध वाढतो. आणि उतारावर न्यूट्रल करायची सवय असेल तर सोडाच: गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल बंद होतं, न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला ते जळतच राहतं. ब्रेकवर ताण येतो तो वेगळाच.

एक करून बघा. गाडीतल्या स्क्रीनवरच्या ॲव्हरेजवर विसंबू नका. एकाच पंपावर, एकाच नोझलला, पहिल्या कटऑफपर्यंत टाकी भरा, दीडशे-दोनशे किमी जाऊन-येऊन ८५ ने चालवा आणि परत तसंच भरा. वेग फोनच्या जीपीएसवर बघा, कारण गाडीचा काटा थोडा जास्तच दाखवतो. असं मोजून लिटरला २० च्या आसपास आलं तर विषय संपला. ८५ लाही १५-१६ च आलं, तर मात्र टायरची हवा तपासा आणि गाडी थांबवल्या थांबवल्या चारही चाकांच्या रिमजवळ हात धरा, टेकवू नका. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय.